रेसकोर्सवरचा दिवसभराचा म्युझिक फेस्टिवल: दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन जायचंय, तयारी कशी करू?

रेणुका_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर दिवसभराचा म्युझिक फेस्टिवल आहे. नवऱ्याने सगळ्यांची तिकिटं काढली आहेत. दुपारी एकला गेट उघडतं, रात्री दहाला संपतं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीन. सासूबाई अडुसष्टच्या, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुरतात. पण सहाच्या सुमाराला जो फ्यूजन बँड आहे त्यात सारंगी आहे, त्यामुळे त्यांना यायचंच आहे. मुलीला शेवटच्या बँडची सगळी गाणी पाठ आहेत, ती ते सोडून घरी येणार नाही.

पुण्याला सवाईच्या मंडपात आम्ही सगळे बसलोय, पण मार्चच्या उन्हात, उघड्या मैदानावर, एवढ्या मोठ्या स्पीकरांसमोर मुलांना कधी नेलेलं नाही. साइटवर लिहिलंय की बाहेरचं खाणं-पाणी, छत्री, खुर्ची, स्प्रे आणि मोठी बॅग चालणार नाही. औषधं आणि लहान मुलांचं खाणं चालेल. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत.

नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे भरलेत तर एकपासून जाऊ. मला धाकट्याची आणि सासूबाईंची काळजी वाटते. किती वाजता जावं, कुठे बसावं, कानांचं काय करावं, आणि रात्री डोंबिवलीला परत कसं यावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

पहिली_रांग

ताई, एकलाच जा! सुरुवातीचे छोटे बँड फार भारी असतात आणि तेव्हा रांगा नसतात. मी मरोळहून मेट्रो ३ ने येतो, आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून हा प्रवास एकदम सोपा झालाय. तिकिटाचा क्यूआर कोड घरीच डाउनलोड करून स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दी झाली की नेटवर्क जातं. आत रोख पैसे चालत नसतील तर मनगटाच्या पट्ट्यात पैसे दुपारीच भरून घ्या, संध्याकाळी त्या काउंटरवर फार वेळ जातो. पॉवर बँक चालते का तेवढं नियमात बघा. सारंगीवाला बँड मीही ऐकणार आहे.

---

कन्सोलवाला

रेणुकाताई, मी लाइव्ह साउंडमध्ये काम करतो. मैदानावरच्या कार्यक्रमात माझी जागा स्टेजसमोरच्या कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्रावर, असते. घरची मंडळी घेऊन आलेले लोक कुठे बसतात, पोरं कधी किरकिरायला लागतात, म्हातारी माणसं कधी घड्याळ बघायला लागतात, हे सगळं तिथून दिसतं. मला स्वतःला एक मुलगी आहे, त्यामुळे जरा जास्तच दिसतं. वर लिहिणाऱ्या मित्राचं नेटवर्कचं आणि पट्ट्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. वेळेबाबत मात्र माझं मत वेगळं आहे.

तुम्ही साडेचारच्या आधी आत पाय ठेवू नका.

एकला गेलात तर काय होतं सांगतो. साडेतीन वर्षांचं मूल तीनच्या सुमाराला झोपेला येतं. उन्हात, गोंगाटात त्याला झोप लागत नाही. साडेपाचला ते रडकुंडीला येतं, आणि सहाला, म्हणजे बरोबर सारंगी लागायच्या वेळेला, आई नाहीतर बाबा त्याला खांद्यावर टाकून गेटच्या बाजूला येरझाऱ्या घालत असतात. आजी एकट्या पडतात. बाहेर जावं तर परत आत घेत नाहीत. तुमच्या यजमानांना माझ्यातर्फे सांगा, की सासूबाईंना सारंगी आणि मुलीला शेवटचा बँड हे दोन कार्यक्रम नीट ऐकायला मिळाले तर तिकिटाचे सगळे पैसे वसूल झाले. दुपारी धाकट्याला घरी पोटभर दहीभात घालून झोपवा, आणि उठला की निघा.

उन्हाचंही गणित आहे. मार्चमध्ये मुंबईत सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. तो समुद्राकडून फिरला की हायसं वाटतं. ज्या दिवशी फिरायला उशीर होतो त्या दिवशी पारा चढतच जातो. सांताक्रूझ वेधशाळेचा मार्चमधला उच्चांक ४१.७ अंशांचा आहे, १९५६ सालचा. म्हणजे मे महिन्यालाच जपायचं, असं मुंबईत चालत नाही. मार्चअखेरीला सूर्य पावणेसातनंतर मावळतो, तेव्हा साडेचारला आलात तरी दोन तास ऊन आहेच.

आता जागा. फेस्टिवलच्या साइटवर मैदानाचा नकाशा येईल. त्यात दोन गोष्टी शोधा: मुख्य स्टेज कुठल्या दिशेला आहे, आणि स्टेजसमोर मैदानात मध्येच एक चौकोन दाखवलेला असतो तो. तो चौकोन म्हणजे आमचा कन्सोल, पाइपांचा उंच मचाण आणि वर कापडाचं छत. मार्चअखेरीला संध्याकाळी पाचला कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुपटीएवढी लांब, पूर्वेकडे पडते. स्टेज पश्चिमेला असेल तर ही सावली कन्सोलच्या मागे पडणार, तिथे बसा. स्टेज पूर्वेला असेल तर सावली कन्सोलच्या पुढे पडेल, मग पुढच्या बाजूला कडेने बसा. छत्री आणि खुर्ची चालत नसलेल्या मैदानात संध्याकाळी भरवशाची सावली हीच एक.

तिथे बसण्याचं दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. आम्ही आवाज जुळवतो ते त्या जागी उभं राहून. गाणारा, तबला, बास, गिटार, सगळं आपापल्या जागी सुटं ऐकू येतं ते तिथे. सारंगी तर फार नाजूक वाद्य. माइक लावला तरी बाजूला बास गिटार आणि ड्रम असले की तिची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कडेच्या लोकांपर्यंत पोहोचता पोहोचता विरते. सासूबाईंना कन्सोलजवळ, मधल्या रेषेवर बसवा. त्यांना नखाने घासून काढलेला प्रत्येक सूर ऐकू आला पाहिजे, एवढ्यासाठीच तर त्या येतायत.

कानांबद्दल हात जोडून सांगतो, हे हलक्यात घेऊ नका. सुरक्षित ऐकण्याचा ढोबळ हिशोब असा की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. स्टेजसमोरच्या कठड्याला १०० सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक काढलं, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं आहे. ती वरची मर्यादा झाली, मुलांना तिथे उभं करावं असा त्याचा अर्थ नाही. शिवाय सबवूफर, म्हणजे खोल, जड आवाजाचे मोठे स्पीकर, स्टेजपुढे जमिनीवर मांडलेले असतात, म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलाचं डोकं नेमकं त्यांच्या तोंडाशी येतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साध्या स्पीकरचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर टांगलेल्या लाइन अरेचा, म्हणजे एकाखाली एक लावलेल्या स्पीकरांच्या माळेचा, त्याहून कमी उतरतो, लांबपर्यंत पोहोचावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. तरी मागे बसण्याने फरक पडतोच. फक्त मैदानात मध्येच उभे केलेले स्पीकरचे खांब दिसले तर त्यांच्या खाली किंवा समोर बसू नका. मागच्या लोकांसाठी ते लावलेले असतात आणि जवळ बसलं तर तिथेही कान बधिर होतात.

दोन्ही मुलांना इअरमफ घ्या, कानावर बसणारे वाटीवाले. गाणी ऐकायच्या हेडफोनने आवाज अडत नाही. पेटीवर किती डेसिबल कमी होतात तो आकडा छापलेला असतो, तो पंचवीसच्या आसपास असलेला घ्या. घालताना कान पूर्ण वाटीच्या आत गेला पाहिजे. मुलीचे केस, हेअरबँड, चश्म्याची काडी, लोंबतं डूल, काहीही वाटीच्या कडेखाली आलं की फट राहते आणि आवाज आत शिरतो. धाकट्याला फोमचे बोळे देऊ नका, तो तोंडात घालेल.

तुम्ही तिघांनी फोमचे घ्या, पण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून उपयोग नाही. कोरड्या, स्वच्छ बोटांनी बोळ्याची वातीसारखी बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. सुरळी आत सरकवा आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मग काहीतरी बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा भरीव वाटला की नीट बसला. कापसाच्या बोळ्याने काहीही होत नाही, तो नाद सोडा.

आणि हे सगळं गेटवरच घाला. आवाज सुरू झाल्यावर, मूल दचकून रडायला लागल्यावर डोक्याला काही लावू देत नाही.

---

सिस्टर_परळ

मी नर्स आहे, मैदानावरच्या कार्यक्रमांना प्रथमोपचाराच्या तंबूत ड्युटी करते. साडेचारच्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावर उन्हात बसलेल्या गर्दीत जे झालं, १४ माणसं गेली, ते आमच्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मुंबईच्या हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तापमान ३५ दिसलं तरी शरीराला ते जास्त जड जातं.

शनिवारी हवामान खात्याचा अंदाज बघा. किनारपट्टीवर ३७ च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की ते उष्णतेची लाट धरतात. तसा इशारा असेल तर आजींना आणि धाकट्याला थेट सहाला आणा, त्यात सारंगीची थोडी सुरुवात गेली तरी चालेल.

बीपीच्या गोळीबद्दल आधीच तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अशा माणसाच्या अंगातलं पाणी उन्हात लवकर कमी होतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, मूळ पट्टीच न्या आणि सोबत चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा, गेटवर वाद होत नाही.

रिकामी प्लास्टिकची बाटली चालते का ते नियमात बघा, बऱ्याच ठिकाणी चालते आणि आत पाणी भरून मिळतं. मुलांना तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्धं-अर्धं करून ग्लासात ढवळू नका, प्रमाण बिघडतं. २०० मिलीलिटरची छोटी पाकिटं मिळतात, ती न्या. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं छापलेलं बघून घ्या. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

प्रत्येकामागे एक सुती पंचा न्या. टॉवेल नको, तो जड होतो. पंचा भिजवून पिळून मानेभोवती टाकला की वाऱ्याने गार पडतो, वाळला की परत भिजवायचा.

लहान मूल उन्हाने त्रासलं की आधी रडतं, आणि मग एकदम गप्प होतं. गप्प झालं म्हणून निश्चिंत होऊ नका, तेव्हाच उचलून तंबूत आणा. बराच वेळ शू झाली नसेल, डोकं दुखतंय म्हणत असेल, उलटी झाली, तरी आणा. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तर वाट बघायची नाही. सावलीत आडवं करा, मान, काख, जांघेत ओला पंचा ठेवा, वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि तंबू लांब असेल तर १०८ लावा. आत शिरल्या शिरल्या तंबू कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तीच ठरवा. मुलांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहा, आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत दोघांचा एक फोटो काढून ठेवा.

---

रेणुका_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, खूप आभार! नवऱ्याला कन्सोलवाल्यांचा प्रतिसाद वाचायला दिला, साडेचार कबूल झालेत. सासूबाई म्हणतात, सावलीचा हिशोब सांगणाऱ्या दादांना माझा नमस्कार सांग.

दोन शंका राहिल्या. धाकटा डोक्यावर टोपीसुद्धा ठेवत नाही, इअरमफ कसा ठेवेल? आणि येण्याजाण्याचं अजून ठरत नाहीये. दादरला बदलायचं तर सासूबाईंना त्या पुलाच्या पायऱ्या झेपतील असं वाटत नाही.

---

गिरगावच्या_काकू

रेणुका, मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची, गुडघेही तसेच. दादरला बदलूच नका. महालक्ष्मीला फक्त स्लो गाड्या थांबतात, म्हणजे दादरचा पूल चढा, स्लो पकडा, परत महालक्ष्मीचा पूल चढा. त्यापेक्षा डोंबिवलीहून फास्ट गाडीने भायखळ्याला उतरा आणि टॅक्सी करून सात रस्त्यावरून रेसकोर्सच्या गेटपर्यंत जा. पाच माणसं एका काळीपिवळीत बसवणार नाही, दोन करा. रविवार आहे, तेव्हा मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघून घ्या. ठाणे-कल्याणच्या मध्ये असेल तर वेळ धरून निघा.

रात्रीचं माझं ऐका, सगळ्यांनी एकत्र परतायचा हट्ट धरू नका. सारंगी झाली, थोडं खाल्लंत की तू सासूबाईंना आणि धाकट्याला घेऊन आठ-सव्वाआठला नीघ. तेव्हा गेटबाहेर टॅक्सी मिळते. बाप-लेक शेवटच्या बँडला थांबू देत. ते दोघं महालक्ष्मी स्टेशनला चालत जातील, डोंबिवलीच्या गाड्या मध्यरात्रीपर्यंत असतात. दहाला सगळं मैदान एकदम बाहेर पडतं, त्या लोंढ्यात दुखरे गुडघे आणि झोपलेलं मूल नको.

साडी नेसायची असेल तर सुती, आणि पायात बंद बूट. संध्याकाळी हजारो पाय फिरले की धूळ उडते, दम्याचा त्रास असेल तर मास्क न्या. खाली बसायचं तर जाड घडीची सतरंजी आणि एक फुगवायची उशी, तिची हवा काढली की पर्समध्ये मावते. आयोजकांना आत्ताच ईमेल करून ज्येष्ठांसाठी बसायची वेगळी सोय आहे का विचार. बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. आणि पोचल्या पोचल्या, रांग नसताना, सगळ्यांनी शौचालयाला जाऊन यायचं. सातनंतर तिथे उभं राहवत नाही.

---

कन्सोलवाला

सासूबाईंना माझाही नमस्कार.

काकूंची दोन तुकड्यांची कल्पना फार चांगली आहे. खास सवलत नसेल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, २००० सालापासूनचा नियम आहे. त्यामुळे शेवटचा बँड साधारण साडेआठला लागतोच, बाप-लेकीला फार ताटकळावं लागणार नाही. थांबणाऱ्या दोघांनीही कन्सोलच्या मागेच राहावं. लेकीला खांद्यावर घेतलं तर तिचे कान गर्दीच्या वर येतात, तिथे आवाज जास्त लागतो. शेवटच्या बँडला इअरमफ अजिबात काढायचा नाही.

धाकट्यासाठी इअरमफ आजच आणा, रंग त्यालाच निवडू दे. घरी मिक्सर लावायच्या आधी त्याच्या डोक्यावर चढवा, मिक्सर फिरवा, बंद झाला की काढा. एवढंच, दोन मिनिटं. कुकरच्या शिट्टीला परत. त्याला कळलं की हे घातलं की तो नकोसा आवाज लांब जातो, तर तो स्वतःच मागायला लागेल, माझ्या मुलीने असंच केलं. तरी त्या दिवशी त्याने फेकून दिलाच तर जबरदस्ती करू नका, त्याला घेऊन मागे सरका, खाण्याच्या स्टॉलच्याही पलीकडे. परत घातला की पुढे या.

आणि जागा धरायची वेळ. सारंगीच्या आधीच्या बँडचं शेवटचं गाणं संपलं की अर्धं मैदान खायला-प्यायला उठतं. स्टेजवर वाद्यं बदलायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्याच वेळात सतरंजी घेऊन कन्सोलजवळ या.